तारेला लावलेली पत्रकं

आमच्या वाचनालयात कपाटाच्या कडेला एक तार होती. किराणा दुकानात बिलं टोचून ठेवायला असते तसली, खाली लाकडाचं बूड आणि वर टोकदार आकडा. पोस्टातनं जे काही यायचं, जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचं पत्र, संघाचं पत्रक, अधिवेशनाची सूचना, ते वाचून झालं की मी त्या तारेत खुपसायचो. फायली करायला पुठ्ठे नव्हते आणि पुठ्ठ्यांना पैसेही नव्हते. तार भरली की दोऱ्यानं गठ्ठा बांधून माळ्यावर टाकायचा आणि तार पुन्हा मोकळी. १९८४ ते २०२३ अशी एकोणचाळीस वर्षं मी हे केलं.

गेल्या वर्षी चार्ज द्यायचा म्हणून ते सगळे गठ्ठे खाली काढले. जागा घेणारी आमच्या भावकीतलीच सून, बी. ए. झालेली. गठ्ठ्यांवरची धूळ झटकता झटकता तिनं विचारलं, "मामा, ह्या कामात पुढं काय हाय का?"

मी लगेच काही बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर एकोणचाळीस वर्षं बाहेर पडली असती. म्हटलं, "कागद बघ. त्यात हाय."

कागद बघायचे तर खालून वर बघायला लागतात. तळाशी जुनं असतं. पण आमच्या गठ्ठ्याच्याही तळाखाली आणखी काही आहे. ते मी प्रशिक्षण वर्गात शिकलो आणि थोडंफार नंतर वाचलं. ते आधी सांगतो.

वाचनालय सांभाळणं हे शिकायचं काम आहे, असं आपल्या देशात पहिल्यांदा ज्यानं मानलं तो माणूस नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की शाळा सुटली की पोरं अक्षर विसरतात. विसरू नयेत म्हणून वाचनालयं. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. देशातला पहिला. खेड्यांसाठी लाकडी पेट्या केल्या होत्या. पुस्तकं भरून पेटी गावाला जायची, गावानं वाचून परत पाठवायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा. खर्चाची रीतही मला फार शहाणी वाटते. गावानं जेवढे उभे करायचे तेवढेच प्रांत पंचायतीनं घालायचे आणि तेवढेच दरबारानं. गावाला आपला हिस्सा घालायला लावला की वाचनालय गावाचं होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आमच्या कोल्हापूरचीही यात एक गोष्ट आहे, आणि ती आमच्याकडंही फार जणांना ठाऊक नाही. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुणी केला, असं वर्गात विचारलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मद्रास म्हणून सांगितलं. मद्रासचा कायदा १९४८ चा. रंगनाथनांनी त्यासाठी जन्म घातला, त्यांचा मान आहेच. पण त्याच्या आधी तीन वर्षं, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानानं असा कायदा केला होता. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं, आणि आम्हालाच माहीत नव्हतं! आमचे शिकवणारे सर हसले. म्हणाले, "तुमचा दोष नाही. अंमल बसायच्या आत संस्थानच गेलं." खरंच होतं. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा कागदावरच राहिला. मुंबई सरकारनं त्याआधी १९३९ मध्ये फैजी समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्याच्या वाचनालयापर्यंत पायऱ्या कशा असाव्यात ते त्या समितीनं लिहून दिलं. त्यातल्या वरच्या पायऱ्या आधी बांधल्या गेल्या. खालची पायरी म्हणजे आम्ही.

मग महाराष्ट्राचा कायदा आला, १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. आता हे थोडं सावकाश सांगायला पाहिजे, कारण आमच्या तारेवरच्या निम्म्या कागदांचं मूळ इथं आहे. मद्रासनं आणि कर्नाटकानं ग्रंथालयासाठी कर बसवला. घरपट्टी भरताना लोक त्यात थोडे पैसे ग्रंथालयाचे भरतात. महाराष्ट्रानं कर बसवला नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला, सरकारनं दर वर्षी किमान पंचवीस लाख त्यात घालायचे असं कायद्यातच लिहिलं. आणि वाचनालयं सरकारनं आपली केली नाहीत, संस्थांचीच ठेवली. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, अशी जुनी जुनी वाचनालयं लोकांनीच चालवलेली होती. ती लोकांकडंच राहू द्यावीत, सरकारनं अनुदान द्यावं, असा विचार. विचार चांगला होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. गावाचं वाचनालय गावाचं राहिलं.

पण वाचनालय संस्थेचं म्हणजे त्यातला माणूसही संस्थेचा. संचालनालयातला अधिकारी सरकारी, जिल्हा ग्रंथालय अधिकारी सरकारी, त्यांच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सरकारी. गावात पुस्तकांवरची वाळवी झाडणारा मात्र कार्यकारी मंडळानं ठेवलेला. त्याला पगार नाही, अनुदानातनं उरेल तो हिस्सा. १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, वर्गाप्रमाणं अनुदान ठरलं. आम्ही ड वर्गात. अ वर्गात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, शिपाई अशी उतरंड असते. ड वर्गात एकटा ग्रंथपाल. तोच लिपिक, तोच शिपाई, झाडूही त्याच्याच हातात.

मी लागलो तेव्हा महिना साठ रुपये होते. तेही महिन्याला नव्हते. अनुदान हप्त्यांनी यायचं, हप्ता आला की मंडळाचे अध्यक्ष बोलवायचे आणि मागचे महिने एकदम मोजून द्यायचे. चावडीला लागून एक खोली, कौलारू. सकाळी वर्तमानपत्रं मांडायची, दुपारी शेतात जायचं, संध्याकाळी पुस्तकांची देवघेव करायची. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीची पावती पुस्तकं, जडवस्तू नोंदवही, कीर्द, सगळं माझ्या अक्षरात. अक्षर चांगलं होतं म्हणूनच मला घेतलं होतं.

पहिल्या गठ्ठ्यात अगदी खाली एक पोस्टकार्ड सापडलं. जिल्हा ग्रंथालय संघाचं. प्रमाणपत्र वर्ग सुरू होत आहे, इच्छुकांनी अर्ज करावा. कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा मुदतीला दोन दिवस राहिले होते. पोस्टमन आमच्या गावाला एक दिवसाआड यायचा. त्या वर्षी मी दुधाच्या गाडीत बसून कोल्हापूरला गेलो आणि अर्ज हातानं देऊन आलो. त्या वर्गानं मला खूप दिलं. दशमान वर्गीकरण शिकलो. तोपर्यंत आमची पुस्तकं उंचीप्रमाणं लावलेली होती, कारण कपाटाचे कप्पे तसे होते. ज्ञानेश्वरी आणि कुक्कुटपालन एका कप्प्यात! वर्गाहून आलो आणि चार महिने बसून सगळी पुस्तकं नव्यानं लावली. म्हातारी माणसं चिडली. एक आबा म्हणाले, "माझी पोथी कुठं लपवलीस रं?"

प्रमाणपत्र मिळालं की नोकरी मिळते, असं तेव्हा सगळे म्हणायचे. वाट एकच होती, हायस्कूल. ज्या शाळेत मुलं पुरेशी तिथं अर्धवेळ ग्रंथपालाची जागा, मोठी शाळा असेल तर पूर्णवेळ. सरकारी पगार, पुढं पेन्शन. तालुक्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात अशी जागा निघाली. जाहिरात मीच वर्तमानपत्रातून कापली. मुलाखत झाली, चांगली झाली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा एक माणूस मोटरसायकलवरून घरी आला, चहा घेतला आणि इमारत निधीबद्दल बोलला. आकडा ऐकून आमच्या दादांनी गोठ्याकडं बघितलं. दोन म्हशी होत्या. दोन्ही विकल्या असत्या तरी निम्मे झाले नसते. उरलेल्यासाठी ओढ्याकडचं वीस गुंठे विकू, असं दादा म्हणाले. मी नको म्हटलं. दादांना तेव्हा बरं वाटलं की वाईट, मला आजही सांगता येत नाही. जागा भरली गेली. ज्याला मिळाली त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या घरची म्हसरं विकली गेली असणार.

त्यानंतर मी स्वतःसाठी जाहिरात कापली नाही. दुसऱ्यांसाठी मात्र रोज कापायचो.

हे कसं सुरू झालं ते सांगतो. गावातली पोरं वाचनालयात येऊन पेपर चाळायची, जाहिरात दिसली की पान फाडून न्यायची. मग दुसऱ्याला काही दिसायचं नाही आणि भांडणं व्हायची. म्हणून मी नेम केला. पेपर शिळा झाला की नोकरीच्या जाहिराती मी कात्रीनं कापणार आणि फळ्यावर टाचणीनं लावणार. एस. टी.त वाहक, पोलीस भरती, तलाठी, डी. एड.चे प्रवेश, बँकेतले कारकून, सैन्यभरती. 'रोजगार समाचार' हिंदीत यायचा. त्यातलं पोरांना समजायचं नाही, तेव्हा मी खाली पेन्सिलीनं मराठीत लिहायचो, वय किती, शिक्षण काय, शेवटची तारीख कोणती. अर्ज भरायलाही मीच बसायचो. फॉर्मवर जातीचा रकाना आला की पोरगं गप्प व्हायचं, मग दार लोटून घेऊन भरायचं. मुदत संपायच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात भरलेले फॉर्म कितीतरी. "आण्णा, कायतरी आलंय का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की वाचनालयाच्या दारावरचं नावच तसं लिहायला हवं होतं.

लागलेल्यांची नावं मी देवघेव नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. एकेचाळीस झाली. त्यात नऊ मुली. ही नोंद कुठल्या अहवालात जात नाही. वार्षिक अहवालात ग्रंथ किती, सभासद किती, देवघेव किती एवढंच विचारतात. मी एकदा वेगळा कागद जोडून पाठवला होता. त्याचं काही उत्तर आलं नाही, आणि यायला पाहिजे होतं असंही नाही.

आता मधले गठ्ठे. हे सगळे एकाच बातमीचे आहेत. वेतनश्रेणी लागू होणार. १९७३ ची प्रभा राव समिती, २००१ ची व्यंकप्पा पत्की समिती, ही नावं आमच्या पत्रकांत इतक्या वेळा येतात की गावातल्या पोरांनाही पाठ झाली होती. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी, सेवाशर्ती ठरवाव्यात, ही मागणी प्रत्येक पत्रकात पहिली. दुसरी, वर्ग बदलून मिळावा. तिसरी, अनुदान दुप्पट करावं. अक्षरं बदलत गेली. आधी सायक्लोस्टाइल, मग छापील, मग संगणकावरची. मजकूर तोच. एका डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा होता म्हणून मीही गेलो. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं, बिनआरक्षणाच्या डब्यातून, दप्तरात भाकरी घेऊन. मोर्चात माझ्या शेजारी विदर्भातला एक ग्रंथपाल होता, माझ्याच वयाचा. त्यानं विचारलं तुमचा हप्ता आला का, मी म्हटलं नाही, तुमचा? तोही नाही म्हणाला. मग आम्ही कुठली पुस्तकं जास्त जातात यावर बोलत चाललो. त्यांच्याकडंही विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ची प्रत कधी फळीवर राहायची नाही.

माझा मामेभाऊ सीमेपलीकडं एका गावात शहर वाचनालयाच्या शाखेत होता. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा. तिथं ग्रंथालय हे सरकारचं खातंच आहे, म्हणून तो सरकारी नोकर. आमच्यात अंतर पंचवीस किलोमीटर. बोली एक, पाहुणे एक, दोघांच्याही हातात तेच 'मृत्युंजय'. त्याला पेन्शन आहे. पण हेही सांगायला पाहिजे की तिकडंही ग्रामपंचायतीचं ग्रंथालय सांभाळणाऱ्याला मानधनच मिळायचं. खेड्यातला माणूस कुठल्याही कायद्यात सगळ्यात शेवटी येतो.

२०१२ चा गठ्ठा मोठा आहे. त्या वर्षी सुरुवातीलाच बातमी आली की अनुदान पन्नास टक्क्यांनी वाढलं. ड वर्गाला वर्षाला वीस हजारांचे तीस हजार. निम्मे पगाराला, निम्मे पुस्तकं, पेपर, वीज, भाडं आणि हिशेबतपासणीला. म्हणजे पगाराचे वर्षाला पंधरा हजार, महिन्याला बाराशे पन्नास. रोजगार हमीवरची बाई महिन्यात दहा-बारा दिवस कामाला गेली तरी माझ्याहून जास्त न्यायची. मी तेव्हा साखर वाटली होती हे मात्र खरं.

साखर संपली नव्हती तोवर पडताळणी आली. राज्यातल्या बारा हजारांवर वाचनालयांची एकदम तपासणी, महसूल खात्याकडून. कागदावर चालणारी वाचनालयं होतीच, खोटं कशाला बोलू. आमच्याच भागात एक पाटी अशी होती की तिच्यामागं पिठाची गिरणी होती. त्यामुळं तपासणी व्हायलाच पाहिजे होती. आदल्या रात्री फोन आला. आमच्या फळ्यावरची जाहिरात बघून तलाठी झालेला पोरगा, दुसऱ्या तालुक्यात होता. "आण्णा, उद्या-परवा पथक येईल तुमच्याकडं. दाखल नोंदवही आणि सभासदांच्या पावत्या वर काढून ठेवा. घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो, पण त्याचा फोन आल्यावर घाबरलो. रात्रभर पुस्तकं मोजली. दाखल नोंदीत होती त्यापेक्षा सात कमी भरली. पैकी चार पोरांच्या घरात सापडली, तीन सापडली नाहीत. पथकानं पुस्तकं मोजली, सभासदांना घरून बोलावून विचारलं, टेबलाखाली वाकून जडवस्तूचे नंबरसुद्धा बघितले. तीन पुस्तकं कमी आहेत हे मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी लिहून घेतलं. आमचं वाचनालय टिकलं.

पण त्यानंतर दार बंद झालं. नवी मान्यता नाही, वर्गबदल नाही. आमची पुस्तकं तोवर हजाराच्या वर गेली होती, सभासदही होते. क वर्गाचा प्रस्ताव मी दोनदा तयार केला होता. क वर्ग झाला असता तर एक शिपाई मिळाला असता आणि माझे पैसे वाढले असते. प्रस्ताव गठ्ठ्यात तसाच आहे, सगळ्या जोडपत्रांसह, मंडळाचा ठरावसुद्धा आहे. ठरावावर सह्या करणाऱ्या सातांपैकी आज दोघं हयात आहेत.

सगळ्यात वरचे कागद थोडेच. बातम्या आता कागदावर येत नाहीत, फोनवर येतात. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांचा व्हॉट्सअॅपवर गट आहे. सकाळी सुविचार, दुपारी शासन निर्णय, रात्री कुणाचं तरी निधन. २०२२ च्या अखेरीस परिरक्षण अनुदानात साठ टक्के वाढ झाल्याची बातमी मला तिथंच कळली. एका मिनिटात सगळ्या जिल्ह्याला कळली. दुधाच्या गाडीत बसायची गरज उरली नाही. तिसावर साठ टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस, त्यातले निम्मे चोवीस, भागिले बारा. सूनबाईनं हा हिशेब माझ्या आधी तोंडी केला.

"दोन हजार," ती म्हणाली.

"व्हय. हप्ता आला की."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं नोंदवहीचं मागचं पान उघडलं आणि एकेक नाव वाचायला लागली. त्यात तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं, एस. टी.तला. तिला ते माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

मी तिला कामाची भीती घातली नाही आणि गोडीही लावली नाही. दिवसाचे तीन तास तिला बसायचं आहे, घरचं बघून जमेल. शिकवण्या घेईल, संगणकावर फॉर्म भरून देईल, त्याचे पैसे घेईल. मी घेत नव्हतो, तिनं घ्यावेत असं मी म्हणालो. पोरं आता पुस्तकापेक्षा बसायला शांत जागा आणि लाईट मागतात. ते तिनं मंडळाच्या मागं लागून करून घ्यावं. माझ्यानं झालं नाही.

गटावर त्याच आठवड्यात प्रमाणपत्र वर्गाची सूचना आली होती. मी ती झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून तारेला लावून ठेवली होती, जुनी सवय. तिनं ती काढून वाचली. मुदत शनिवारपर्यंत होती. फी बघून म्हणाली, "दोन महिन्यांचा पगार की हो हा."

"निम्मी मंडळाकडं मागू," मी म्हटलं.

"मागू नका मामा. मी भरते. पावती तेवढी माझ्या नावानं घ्या."